फिरंगरोग : एका नावाचा इतिहास

आपल्याकडील जुन्या घरांतून काही दुखण्यांची नावे मोठ्याने उच्चारीत नसत. ‘गरमी’ हे त्यांपैकी एक. वैद्यांच्या पोथ्यांत तिला ‘फिरंग’ किंवा ‘फिरंगोपदंश’ म्हटले आहे. डॉक्टर ‘सिफिलिस’ म्हणतात. नाव कोणतेही घ्या, बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. ‘फिरंगी’ हा शब्द आमच्या वाचकांस परका नाही. गोमंतकीयांना तर तो साडेचारशे वर्षांच्या राजवटीची आठवण करून देणारा आहे. त्या शब्दावरून एका रोगाला नाव कसे मिळाले, आणि त्या नावाने रोगाच्या निवारणास साह्य झाले की अडथळा आला, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स १४९४ साली इटलीत उतरला व पुढील वर्षी त्याने नेपल्स घेतले. त्या मोहिमेत या रोगाची पहिली मोठी साथ युरोपात उसळली. सैन्य मोडले, भाडोत्री शिपाई आपापल्या देशी परतले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. तेव्हापासून नावांचा विलक्षण खेळ सुरू झाला. फ्रेंच लोक याला नेपल्सचा रोग म्हणत. इटालियन व जर्मन लोक फ्रेंचांचा रोग म्हणत. रशियनांनी तो पोलंडच्या माथी मारला. जपान्यांनी चीनचे नाव घेतले. प्रत्येकाच्या मते रोग शेजाऱ्याच्या घरून आलेला होता; आपल्या घरी जन्मलेला कोणाचाच नव्हता. ‘सिफिलिस’ हे कोणत्याच देशाला न डिवचणारे नाव इटालियन वैद्य फ्राकास्तोरो याच्या १५३० सालच्या लॅटिन काव्यातून आले. त्या काव्यातील एका मेंढपाळाचे ते नाव.

कोलंबसाच्या खलाशांनी हा रोग अमेरिकेतून आणला की तो युरोपात आधीपासूनच होता, हा वाद पाच शतके चालला आहे. अमेरिकेत सापडलेल्या प्राचीन अस्थींतील जंतूंच्या जनुकांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याने अमेरिकेच्या बाजूचे पारडे जड केले.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला आणि १५१० साली आल्बुकेर्कने गोवा घेतले. त्याच सोळाव्या शतकात भावमिश्राचा ‘भावप्रकाश’ रचला गेला. सुश्रुतादी प्राचीन ग्रंथांत ‘उपदंश’ आहे. परंतु हा रोग त्याहून निराळा असल्याचे जाणून भावमिश्राने त्याला ‘फिरंग’ हे स्वतंत्र नाव दिले. तो म्हणतो की फिरंग देशात याचे प्राबल्य असून फिरंगी स्त्रीपुरुषांच्या संसर्गाने तो जडतो. बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून असे त्याने तीन प्रकार सांगितले. नाक बसणे, हाडे शुष्क व वाकडी होणे, बलक्षय हे उपद्रव नोंदविले. नव्या रोगाचे इतके नेमके वर्णन करणाऱ्या त्या वैद्याच्या दृष्टीला आम्ही वंदनच करू. रोग संसर्गाने येतो हे त्याने ओळखले, आणि आपल्या देशात तो समुद्रमार्गे आला हेही खरे. परंतु नावाचा परिणाम असा की, रोग ‘त्यांचा’ ठरला. तो आपल्याच घरात, आपल्याच माणसांत मुक्काम ठोकून बसल्यावरही ‘त्यांचा’च राहिला.

रोगाबरोबर औषधही बंदरांतूनच आले. चीनमधून येणारी ‘चोपचिनी’ ही मुळी त्या काळी फार गाजली. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने आपल्या संवादग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. हा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी ओर्ताची ये-जा होती, आणि देशी वैद्य-हकिमांचे ज्ञान त्याने आदराने टिपले आहे. मात्र तो धर्मांतरित ज्यू कुळातला. १५६८ साली त्याला मरण आले. पुढे १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. दुसऱ्याला अपवित्र ठरवण्याची माणसाची हौस रोगापुरती मर्यादित नसते, याचा हा दाखला ओल्ड गोव्याच्या मातीतच आहे.

चोपचिनीने रोग हटत नसे. खरा भर होता पाऱ्यावर. भावप्रकाशात रसकर्पूर आहे, युरोपात पाऱ्याचे मलम व धुरी होती. या उपचाराने तोंड येई, हिरड्या सुजत, दात हलत, लाळ थांबत नसे. तरीही लोक तो शतकानुशतके सोशीत राहिले, याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक व्रण उठतो. तो सहसा दुखत नाही, आणि काही आठवड्यांत औषधावाचून भरून येतो. मग अंगावर, पुष्कळदा तळहातांवर व तळपायांवरही, पुरळ येते. तेही आपोआप मावळते. त्यानंतर रोग वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. अखेर काहींच्या बाबतीत दहा-वीस-तीस वर्षांनी तो हृदयाच्या महारोहिणीवर, मेंदूवर किंवा मज्जारज्जूवर घाला घालतो. त्यामुळे व्रण उठल्यावर जो कोणी जे काही देईल त्याला गुण येई! भोंदूची पुडी, बाबाचा अंगारा, पाऱ्याची गोळी, सर्वांचाच जयजयकार झाला. रोग गेला असे समजून माणूस लग्न करी, आणि भोग पत्नीच्या व पोटातल्या गर्भाच्या वाट्यास येई. वारंवार होणारे गर्भपात, मृत जन्मलेली मुले यांचे खापर त्या बिचारीच्या नशिबावर किंवा पायगुणावर फुटत असे.

इंग्रजी अमलातही दोष देण्याची ही रीत कायद्याच्या रूपाने आली. १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. गोऱ्या शिपायांना रोग होतो म्हणून वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंद करायची, त्यांची सक्तीने तपासणी करायची आणि रोगी ठरलेल्यांना ‘लॉक हॉस्पिटलां’त डांबायचे, अशी ही व्यवस्था होती. शिपायांवर मात्र तशी सक्ती नव्हती. स्त्रिया तपासणी टाळण्यासाठी पळून जात, लपत. आणि रोग दोन पायांनी चालतो, त्यांपैकी एकच पाय बांधल्याने तो थांबण्यासारखा नव्हता. इंग्लंडात जोसेफीन बटलर यांनी तेथील अशाच कायद्याविरुद्ध मोठी चळवळ केली. तो १८८६ साली रद्द झाला व हिंदुस्थानातील कायदा १८८८ साली.

मग अवघ्या पाच वर्षांत चित्र पालटले. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन व हॉफमान यांनी रोगाचा मळसूत्रासारखा जंतू शोधला. १९०६ साली वासरमन व त्याच्या सहकाऱ्यांनी रक्ताची परीक्षा काढली. अंगावर एकही खूण नसताना रोग आहे की नाही, हे माणसाला प्रथमच कळू लागले. एर्लिख व त्याचा जपानी सहकारी हाता यांचे सोमलापासून केलेले ‘६०६’ क्रमांकाचे औषध १९१० साली साल्व्हार्सान या नावाने बाजारात आले. ते पाऱ्याहून पुष्कळच गुणकारी होते. पण धोक्यापासून मुक्त नव्हते आणि उपचारही महिनोन्‌महिने चाले.

शास्त्र पुढे गेले तरी जिभेवरचे कुलूप तसेच होते. ते उघडू पाहणाऱ्यांत मराठीपुरते पहिले नाव रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. १९२७ साली काढलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. गुप्तरोगांविषयी स्पष्ट मराठीत लिहिणे म्हणजे अश्लीलता, असे मानणाऱ्या समाजात त्यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. शरीराविषयीचे अज्ञान हाच मोठा रोग आहे, हे या दोघांनाही पटलेले होते असे आम्हांस वाटते.

१९४३ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड येथे डॉ. जॉन महोनी यांनी चार रुग्णांना पेनिसिलीन दिले आणि रोग बरा होऊ शकतो हे सिद्ध झाले. स्वतंत्र भारतात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पोर्तुगीज गलबतांबरोबर आलेल्या रोगाचे औषध सह्याद्रीच्या कुशीत निर्माण झाले!

तथापि औषध हाती आले म्हणून न्याय आला असे नव्हे. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ सालापासून सुमारे चारशे गरीब कृष्णवर्णीय रोग्यांवर, रोगाची स्वाभाविक गती पाहण्यासाठी, सरकारी खात्याने नुसती नजर ठेवली. पेनिसिलीन सर्वत्र मिळू लागल्यावरही ते त्यांना दिले नाही. १९७२ साली हे उघडकीस आले; राष्ट्राध्यक्षांनी क्षमा मागितली ती १९९७ साली. ज्यांना आपण ‘ते’ म्हणतो त्यांचे हाल डोळ्यांआड करणे किती सोपे असते!

आजची स्थिती काय आहे? बोटातील थेंबभर रक्तावर वीसएक मिनिटांत प्राथमिक निदान होते, व्ही.डी.आर.एल.सारख्या चाचणीने उपचाराचा गुण मोजता येतो. नव्या रोगाला बेंझाथीन पेनिसिलीनचे २४ लाख युनिटांचे एक इंजेक्शन सहसा पुरते. जुन्याला आठवड्याच्या अंतराने तीन. जंतूने अद्याप पेनिसिलीनला दाद न देण्याची विद्या संपादन केलेली नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८० लाख लोकांना हा रोग नव्याने झाला. धनाढ्य अमेरिकेत त्याच वर्षी ३,७०० हून अधिक अर्भके त्याच्या तडाख्यात सापडली. औषध आहे, परीक्षा आहे; उणीव आहे ती वेळेवर तपासून घेण्याची, औषध सर्वांपर्यंत पोचविण्याची आणि लाज गिळण्याची.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे थोडके आहे. व्रण आपोआप भरला म्हणजे रोग गेला, असे समजू नये. संसर्गानंतर लगेच केलेली परीक्षा निर्दोष येऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी. निरोधाचा वापर धोका कमी करतो, पण पुरता नाहीसा करीत नाही. एकाने औषध घेऊन जोडीदाराने न घेतल्यास रोग पुन्हा घरी येतो. पूर्वी झाला म्हणून तो पुन्हा होत नाही असे नाही. पेनिसिलीन रोग थांबवते, झालेली हानी मात्र भरून काढीत नाही. आणि घरातील प्रत्येक गरोदर स्त्रीची रक्ततपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. ही तपासणी म्हणजे तिच्या शीलाची परीक्षा नव्हे, तिच्या बाळाचे रक्षण आहे. आईला वेळेवर दिलेले पेनिसिलीन गर्भापर्यंत पोचते आणि त्यालाही वाचवते.

फिरंग्यांचे राज्य १९६१ साली गोव्यातून गेले. त्यांच्या नावाचा रोग घालविण्यास फौज लागत नाही. तो आपला आहे, तो कोणालाही होऊ शकतो, एवढे मान्य करून दवाखान्याची पायरी चढली की पुरे.