एका दाताचा हिशेब

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनाचे पोवाडे गातात. मागच्या आसाकडे कोणी फारसे फिरकत नाही. मला मात्र वाटते की, एखाद्या गाडीला तिचा काळ आणि तिचे रस्ते विचारावयाचे असतील, तर तिच्या मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी पोटात डोकवावे. तेथे दोन दातेरी चक्रे असतात. लहान ते पिनियन, मोठे ते क्राऊन. इंजिनाकडून येणारा दांडा पिनियन फिरवतो, पिनियन क्राऊनला आणि क्राऊन चाकांना. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की जो आकडा येतो, त्यात गाडीचा स्वभाव असतो. आकडा मोठा, तर गाडी चढावर दमदार, पण सपाटीवर वेगात तिला धाप लागते. आकडा लहान, तर सपाटीवर निवांत, पण चढ येताच गिअर खाली आणावा लागतो. दोन्ही सुखे एका आसात नांदत नाहीत.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९८० पर्यंत एमजी गाड्या तयार होत. १९४५ साली, युद्ध संपताच, तेथून ‘टीसी’ ही दोन माणसांची गाडी बाहेर पडली. क्राऊनला ४१ दात, पिनियनला ८, आकडा ५.१२५. एवढा मोठा का? १९२१ पासून ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर इंजिनातील नळकांड्यांची संख्या आणि रुंदी पाहून बसे. खोली सरकारच्या हिशेबात नव्हतीच! साहजिकच कारखानदारांनी नळकांडी अरुंद आणि खोल केली. ‘टीसी’चे इंजिन अवघे १२५० घनसेंटिमीटरचे. एवढ्या जिवाने वळणावळणाचे गावरस्ते चढायचे, तर मोठा आकडा हवाच.

१९४८ साली नव्या गाड्यांवर सरसकट कर आला. पुढे इंजिने वाढत गेली आणि आकडा उतरत गेला. १९५३ च्या ‘टीएफ’मध्ये तो ४.८७५ झाला. १९५५ च्या ‘एमजीए’त, १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाबरोबर, ४३ ला १०, म्हणजे ४.३. १९६१ मध्ये इंजिन १६२२ चे झाले, तेव्हा ४.१. आणि १९६२ च्या ‘एमजीबी’त, १७९८ च्या इंजिनाबरोबर, ४३ ला ११, म्हणजे ३.९०९. मधल्या काळात, १९५९ च्या नोव्हेंबरात, एम-वन हा सरळ, रुंद महामार्ग खुला झाला होता. त्यावर १९६५ पर्यंत वेगाची मर्यादाही नव्हती.

आता खरा पेच पाहा. सुरुवातीच्या ‘एमजीबी’चे क्राऊन-पिनियन आपल्या घरासकट ‘एमजीए’च्या आसात चपखल बसते. फरक पिनियनच्या एका दाताचा! ताशी ६० मैलांवर ‘एमजीए’चे इंजिन मिनिटाला सुमारे ३,५०० फेरे घेते, हा बदल केल्यास सुमारे ३,२०० पुरतात. कानांना विसावा मिळतो. परंतु ‘एमजीबी’ची चाके १४ इंची आणि ‘एमजीए’ची १५ इंची, म्हणून तोच आकडा जुन्या गाडीला अधिक जड जातो, शिवाय तिचे इंजिनही लहान. आणखी एक धोका आहे. वेगदर्शक काटा गिअरबॉक्सवर चालतो. तो नव्याने जुळवून घेतला नाही, तर गाडी ६० च्या वेगाने धावत असता काटा जेमतेम ५५ दाखवील. अशा काट्यावर विसंबून वळण घेणे बरे नव्हे.

माझे मत विचाराल तर निवड कोष्टकावरून करू नये. आपण वर्षभर प्रत्यक्ष कोठे हिंडतो ते आठवून करावी. मूळ इंजिन आणि डोंगराळ मुलूख असेल, तर १० दातच बरे. मोठे इंजिन बसवले असेल आणि लांबचे पल्ले मारायचे असतील, तर ११ घ्यावेत. मात्र काढलेली जोडी मोडीत घालू नये. तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवावी. गाडीच्या पुढच्या मालकाचे रस्ते कदाचित निराळे असतील.