घोडा आणि स्वार

मुंबईच्या दक्षिण टोकाकडील 'काळा घोडा' हे स्थलनाम ज्या पुतळ्यावरून पडले, तो वस्तुतः घोड्याचा नव्हताच. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा तो अश्वारूढ पुतळा. राजपुत्राच्या १८७५-७६ मधील हिंदुस्थानभेटीचे स्मारक म्हणून अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला. शिल्पकार होते बोहम. १८७९ साली तो उभा राहिला. रस्त्याने जाणाऱ्यांच्या नजरेत मात्र भरले ते काळसर ब्राँझचे जनावर. स्वाराचे नाव लोकांच्या बोलण्यात रुजलेच नाही.

यात केवळ राष्ट्राभिमान शोधणे बरोबर होणार नाही. १९६५ साली पुतळा तेथून हलवला आणि पुढे भायखळ्याच्या उद्यानात ठेवला गेला. त्या उद्यानाला जिजामातेचे नाव मिळाले, तरी मुंबईकर त्याला अजून 'राणीची बाग'च म्हणतात, आणि ही राणी म्हणजे त्याच राजपुत्राची आई, व्हिक्टोरिया! जिभेला जे सोयीचे, ते टिकले.

इकडे चौक रिकामा झाला, नाव हलले नाही. अखेर २०१७ मध्ये त्या परिसरात नवा काळा घोडा बसवण्यात आला. त्याच्या पाठीवर कोणी नाही.