समुद्राकडे पाठ फिरवलेली नदी

सह्याद्रीत जन्मणाऱ्या आमच्या मोठ्या नद्यांचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. भीमाशंकराच्या डोंगरातून अरबी समुद्र फार तर पंचवीस कोस. कड्यावर उभे राहिले तर खाली कोकण पसरलेले दिसते. पण भीमा तिथे जन्मते आणि समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला चालू लागते. सुमारे ८६० किलोमीटर चालून ती रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. वर्गात नकाशा टांगून हे सांगू लागले, की एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारतो, "गुरुजी, मग ती जवळची वाट सोडून लांब का जाते?" दख्खनचे पठार पूर्वेकडे कलते आहे, हे भूगोलाच्या पुस्तकातले उत्तर आपण देतो. ते बरोबरही आहे. पण त्या उताराने केवळ पाणीच वाहून नेले नाही. माणसे, देव, फौजा आणि भाषा हीदेखील त्याच उताराने खाली गेली आणि त्याच वाटेने वर आली.

आता या नदीच्या खालच्या अंगाला सोलापूर आणि विजापूर या जिल्ह्यांमधून काही मैल महाराष्ट्र-कर्नाटकाची सीमा नदीच्या पात्रातूनच जाते. १९५६ साली भाषावार प्रांत झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि नकाशावर एका काठाला एक रंग व दुसऱ्या काठाला दुसरा रंग बसला. राज्यकारभाराला अशा रेघा लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र नदी म्हणजे दोन मुलखांमधली भिंत, अशी जी समजूत त्या रंगांमुळे होते, ती भीमेने कधीच खरी ठरवलेली नाही.

पंढरपूरच पाहा. तिथे ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणायचे. अवघ्या मराठी मुलखाचे हे माहेर. पण संतांनी त्या विठ्ठलाला 'कानडा' म्हटले ते उगीच नव्हे. भीमरथीच्या तीरावरच्या 'पंडरगे' गावाचा उल्लेख असलेला १२३७ सालचा शिलालेख तिथे आहे, तो होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला. आणि होयसळांची राजधानी थेट दक्षिणेत, द्वारसमुद्राला! त्यानंतर चाळीस वर्षांच्या आतच तिथे देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळातला, देणगीदारांची नावे सांगणारा 'चौऱ्यांशीचा लेख' उभा राहिला. दोन राज्ये एकमेकांशी भांडत होती, पण त्यांचा देव एक होता आणि त्याचा घाटही एक.

याच खोऱ्यातून फौजाही गेल्या. पेडगावचा बहादूरगड भीमेच्या काठी. १६८९ साली संभाजीमहाराजांना कैद करून आणले ते तिथे, आणि त्यांचा शेवट झाला तो भीमा-इंद्रायणीच्या परिसरात. पुढे औरंगजेबाने १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे आपली छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, भीमेच्याच काठी ठेवली आणि गावाचे नाव इस्लामपुरी केले. शेजारी माचणूरला भुईकोट आहे. जागा मोठी हिशेबाने निवडलेली. तिथून पश्चिमेला साताऱ्या-पन्हाळ्याकडे वळावे, दक्षिणेला विजापूर हाताशी, आणि लाखो माणसाजनावरांना पाणी उशाशी.

पण पाण्याचा हिशेब बादशहालाही पुरता जमला नाही. साताऱ्याकडचे किल्ले घेऊन परतताना १७०० सालच्या पावसाळ्याअखेर त्याचा तळ खवासपूरला, माणगंगेच्या काठी पडला. माणगंगा ही भीमेची उपनदी. महाराष्ट्रातल्या अत्यंत कोरड्या तालुक्यातून येणारी. वर्षातले कित्येक महिने तिच्या वाळूतून कोरड्या पायांनी पार व्हावे. अशा नदीला भ्यायचे कोणी? ऑक्टोबरच्या पहिल्याच रात्री वरच्या डोंगरात अवेळी पाऊस कोसळला, लोंढा आला, आणि झोपेतली छावणी पाण्याखाली गेली. माणसे, घोडी, बैल, तंबू वाहून गेले. गडबडीत उठताना बादशहाचा पाय घसरला, उजवा गुडघा निखळला, आणि त्याला जन्माचे लंगडेपण आले. लंगड्या तैमूरचा वंशज म्हणून हे शोभतेच, असे दरबाऱ्यांनी त्याचे समाधान केले म्हणतात. खुशमस्कऱ्यांची जात सर्व काळी सारखीच!

याच्या मुळाशी खोऱ्याचा साधा भूगोल आहे. घाटमाथ्यावर वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस, आणि पंढरपूर-सोलापूरकडे वीस-पंचवीस इंच. खालचा माणूस आपल्या आभाळावर नव्हे, वरच्या माणसाच्या आभाळावर जगतो. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले तेव्हापासून तर चंद्रभागेच्या वाळवंटात पाणी किती असावे, हे बहुतांशी त्या धरणाचे दरवाजे ठरवतात. वारीच्या स्नानासाठी पाणी सोडावे लागते. वर त्याच जलाशयाने कित्येक गावे गिळली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की दिसते, आणि आपले बुडालेले गाव पाहायला माणसे तिथे जातात. उसाला पाणी मिळाले ते कोणाच्या तरी उंबऱ्यावरून गेले, एवढे तरी ध्यानात असावे.

पंढरपूरच्या खाली गेले की भाषा हळूहळू बदलू लागते. हत्तरसंग-कुडलला सीना भीमेला मिळते. गावाच्या नावातच कानडी आहे. 'कूडल' म्हणजे संगम. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांना शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख सापडला. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे, आणि ती मराठी आहे! आमच्या भाषेच्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक, आणि तो आढळावा कानडी नावाच्या संगमावर. आणखी खाली गाणगापूर, भीमा-अमरजेच्या संगमावर. तिथल्या नृसिंहसरस्वतींचे चरित्र घरोघर पारायणाला बसते ते मराठीत. पण 'गुरुचरित्र' लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची बोली कानडी होती.

याही पुढे, कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नती गाव आहे. तिथली चंद्रलांबा कर्नाटकातल्या तशीच महाराष्ट्रातल्याही अनेक घराण्यांची कुलदेवता. १९८६ साली त्या आवारातल्या कालीमातेच्या देवळाचे छत कोसळले. पडझड आवरताना मूर्तीखालची बैठक उघडी पडली, तर तिचा दगड म्हणजे अशोकाच्या आज्ञांचा शिलालेख निघाला, ब्राह्मी लिपीतला. शेजारी कनगनहळ्ळीच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यांत राणीसह उभा असलेला अशोक आहे, खाली त्याचे नाव कोरलेले, आणि सातवाहन राजेही आहेत, ज्यांची राजधानी आमच्या गोदावरीकाठचे पैठण. कुळाचार करायला येणारी आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्या दगडासमोर नारळ फोडून, तीर्थाला भीमेचे पाणी घेऊन परत येत होती.