कोंवळ्या झाडांची पहिली थंडी

पुण्याच्या थंडीची गणना कडक थंडींत कोणी करीत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांतून येणाऱ्या प्रवाशाला ती सौम्य वाटते, आणि पुणेकर तर तिची वर्षभर वाट पाहात असतो. परंतु मनुष्याला जें सुखद, तें वनस्पतीला सुखद असतेंच असें नाहीं. आंबा, केळ, पपई हीं उष्ण प्रदेशांतलीं झाडें होत. त्यांच्या रोपट्यांना इजा व्हावयास पाणी गोठण्याची वाट पाहावी लागत नाहीं. पारा दहा-बारा अंशांच्या खालीं उतरला कीं केळीची वाढ थांबते. थंडी आणखी वाढली म्हणजे पपईचीं पानें निस्तेज होतात, आणि आंब्याच्या कलमाची नुकती फुटलेली तांबूस पालवी दोन-चार रात्रींत करपून जाते.

या थंडींतहि जी अकाली येते ती विशेष घातक. पौष महिन्यांत झाडाची वाढ मंदावलेली असते. त्याची साल व पानें जून झालेलीं असतात. कार्तिकांत मात्र पावसाळ्यांतील फूट अद्याप कोंवळी असते. अशा वेळीं पाऊस परततो, आकाश निरभ्र होतें, हवेंतील ओलावा उतरतो, आणि दुपारीं तीस अंश दाखविणारा पारा पहाटे त्याच्या निम्म्यावर येतो. ज्या झाडाला पहिला हिवाळा सोसवला नाहीं, त्यावर खर्च केलेले श्रम व पाणी व्यर्थ जातेंच. पण नवें कलम लावून पुन्हां आरंभ करावयाचा म्हणजे मालकाचें एक अख्खें वर्ष जातें. म्हणून कोंवळ्या झाडाचें रक्षण हा फळबागेच्या इतिहासांतला क्षुल्लक विषय नव्हे.

महाराष्ट्रांत या रक्षणाची जाणीव जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत, आंबा-फणसासारखीं झाडें रयतेनें अपत्यवत् जतन करून वाढविलेलीं असतात, सबब त्यांना हात लावूं नये, असा आशय आलेला आहे. झाड वाढविणें हें मूल वाढविण्यासारखें दीर्घकाळचें काम आहे, हें त्या राज्यकर्त्यांनीं ओळखलें होतें. पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी शहरांत आलें. हिराबागेसारख्या बागा उभ्या राहिल्या. पाण्याची सोय झाली कीं बाग होते. पण बाग टिकते ती माळ्याच्या हातगुणावर.

माळ्याचे उपाय साधे होते. कलमाभोंवतीं चार काठ्या रोवून वर गवताचें छप्पर घालावयाचें, आणि सकाळचें ऊन मिळावें म्हणून पूर्वेची बाजू उघडी ठेवावयाची. केळीच्या बागेभोंवतीं शेवरीची किंवा एरंडाची दाट रांग लावावयाची. थंडीचा सुगावा लागला कीं संध्याकाळीं पाणी द्यावयाचें, आणि पहाटे पालापाचोळ्याची शेकोटी धुमसत ठेवावयाची. हे उपाय कां लागू पडतात, याचें शास्त्र माळ्यापाशीं नव्हतें. लागू पडतात एवढें मात्र तो अनुभवानें जाणून होता.

एकोणिसाव्या शतकांत या अनुभवाला संस्थांची जोड मिळाली. १८३० सालीं स्थापन झालेली पश्चिम हिंदुस्थानची कृषि व उद्यान मंडळी पुढें एम्प्रेस गार्डनचा कारभार पाहूं लागली. गणेशखिंडींत १८७३ सालीं वनस्पति-उद्यान निघालें. सायन्स कॉलेजांत १८७९ सालीं शेतकीचे वर्ग सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांचें स्वतंत्र शेतकी कॉलेज बनलें. गणेशखिंडीच्या फळबागेंत डॉ. जी. एस. चीमा यांनीं केलेलें कार्य सर्वश्रुत आहे. पांढऱ्या साहेबीच्या बियांपासून झालेल्या रोपांतून तेथें निवडलेली द्राक्षाची जात ‘चीमा साहेबी’ याच नांवानें ओळखली जाते. परंतु कोंवळें रोप ज्या हवेंत रात्र काढतें, त्या हवेचें मोजमाप कोणी घ्यावयाचें, हा प्रश्न शिल्लकच होता.

तो प्रश्न सुटावयास एक प्रशासकीय घटना कारण झाली. १९२८ सालीं हिंदुस्थान सरकारच्या हवामानखात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. १९४४ सालीं तें दिल्लीस गेलें, तरी शिवाजीनगरांतील त्या इमारतीला पुणेकरांनीं दिलेलें ‘सिमला ऑफिस’ हें नांव आजहि चौकाच्या रूपानें टिकून आहे. त्याच सुमारास शेतकीविषयक रॉयल कमिशननें हवामानशास्त्र शेतीच्या सेवेस लावावें अशी शिफारस केली, आणि १९३२ सालीं पुण्यांत कृषि-हवामानशास्त्राची शाखा उघडण्यांत आली. तिचे प्रमुख होते डॉ. एल्. ए. रामदास. पालघाटकडचे हे गृहस्थ कलकत्त्यास सर चंद्रशेखर रामन यांचे विद्यार्थी होते.

त्या काळची समजूत अशी होती कीं, निरभ्र व निवांत रात्रीं सर्वांत थंड जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, म्हणून ती प्रथम निवते. तिच्या स्पर्शानें तिच्यालगतची हवा निवते. आणि जसजसें वर जावें तसतशी हवा ऊबदार लागते. ही उपपत्ति तर्कशुद्ध होती आणि पाठ्यपुस्तकांतहि मान्य होती. रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन् यांनीं उघड्या जमिनीवर निरनिराळ्या उंचींवर रात्रभर तपमान घेतलें, तेव्हां निराळेंच दिसून आलें. सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नव्हतीच. ती जमिनीपासून वीत-दोन वितींवर होती. जमीन तिच्याहून चार-पांच अंशांपर्यंतहि ऊबदार असूं शके. पुण्याप्रमाणेंच आग्रा व मद्रास येथेंहि हा अनुभव आला, आणि १९३२ सालीं तो एका जर्मन नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

विद्वानांनीं त्यावर सहजीं विश्वास ठेवला नाहीं. थंड हवा जड असते. ती ऊबदार जमिनीवर तरंगत राहील कशी? ती खालीं कोसळून दोन्ही थर मिसळले पाहिजेत. तेव्हां उपकरणांतच दोष असावा, असें अनेकांना वाटलें. वर्षानुवर्षें हा संशय रेंगाळत राहिला. १९५० नंतरच्या दशकांत क्लाउस राश्के या जर्मन शास्त्रज्ञानें पुण्यासच येऊन सूक्ष्म उपकरणांनीं ही मापनें पुन्हां घेतलीं, आणि रामदासांचें म्हणणें खरें ठरलें. या थराला आज जगभर ‘रामदास थर’ म्हणतात. त्याची गणिती उपपत्ति १९९३ सालीं वासुदेवमूर्ति, श्रीनिवासन् व रोद्दम नरसिंह यांनीं मांडली. पुढें बंगलोरच्याच संशोधकांनीं जमिनीलगतच्या हवेंत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या उत्सर्जनाकडे लक्ष वेधलें. एका माळरानावरील तापमापकानें उभा केलेला प्रश्न साठ-सत्तर वर्षें शास्त्रज्ञांना पुरला.

या शोधाचा कोंवळ्या झाडाशीं संबंध उघड आहे. वेधशाळेचा तापमापक लांकडी पेटींत जमिनीपासून सुमारें चार फूट उंच ठेवलेला असतो. तो जी थंडी सांगतो ती उभ्या मनुष्याच्या छातीची. नुकत्याच लावलेल्या कलमाचा शेंडा असतो वीत-दोन वितींवर, म्हणजे नेमका रात्रीच्या सर्वांत थंड थरांत. १७ जानेवारी १९३५ रोजीं पुण्याच्या वेधशाळेंत १.७ अंश सेंटिग्रेड इतकें तपमान नोंदलें गेलें. शहराचा तो आजवरचा नीचांक आहे. जेथें पेटींतील पारा इतका उतरला, तेथें उघड्या रानांतील रोपट्यांच्या उंचीवर काय अवस्था असेल, याची कल्पना करावी.

माळ्याच्या जुन्या उपायांचा अर्थहि आतां स्पष्ट होतो. गवताचें छप्पर ऊब निर्माण करीत नाहीं. तें रोप व उघडें आकाश यांच्यामध्यें पडदा धरतें, आणि जमिनीनें सोडलेली उष्णता अडवितें. आकाशांत ढग आले म्हणजे रात्र ऊबदार जाते, तें याच न्यायानें. बंगालच्या उपसागरांत वादळ उठून पुण्यावर अभ्रें आलीं कीं नोव्हेंबरांतली थंडी एकाएकीं पळते. संध्याकाळचें पाणीहि व्यर्थ नव्हे. ओली, दाबलेली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते आणि रात्रीं ती सावकाश परत करते. उलट सुकें, भुसभुशीत केलेलें रान किंवा जाड सुक्या पाल्याचें आच्छादन ती उष्णता जमिनींतच कोंडून ठेवतें, आणि वरची हवा अधिक गारठते. उन्हाळ्यांत जें आच्छादन उपकारक, तेंच थंडीच्या रात्रीं बाजूस सारलेलें बरें. शेकोटीचा धूर मात्र समजतात तितका उपयोगी नाहीं. उपयोग होतो तो तिच्या उष्णतेचा व तिनें हवा ढवळली जाते त्याचा. सखल जागा व उतारावर खालच्या बाजूचें दाट कुंपण यांपासूनहि सावध असावें. थंड हवा पाण्यासारखी उतारानें वाहते आणि बांध मिळाला कीं तुंबते.

१९४५ सालीं शेतकऱ्यांकरितां हवामानाचें वार्तापत्र निघूं लागलें आणि नभोवाणीच्या द्वारें तें खेडोपाडीं पोहोंचूं लागलें. पुण्याला स्वतःचें नभोवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं मिळालें. आज निफाडचा द्राक्षबागाईतदार थंडीची सूचना मिळतांच पहाटे बागेंत शेकोट्या पेटवितो व ठिबकानें पाणी सोडतो. साधनें पालटलीं आहेत. काम तेंच आहे.

पुण्यांतहि पुष्कळ पालटलें. जेथें मळे होते तेथें घरें झालीं, आणि दगड-सिमेंटच्या भिंती दिवसाची उष्णता रात्रीं सोडीत असल्यामुळें दाट वस्तींतली पहाट उघड्या रानांतल्या पहाटेहून ऊबदार असते. तरी शहराबाहेरच्या सखल भागांत मार्गशीर्षाचा गारठा पूर्वीसारखाच उतरतो. त्या रात्रीं ज्याच्या रानांत नवें कलम उभें आहे, त्यानें वर्तमानपत्रांतील आंकड्यावर विसंबूं नये. तो आंकडा चार फुटांवरचा आहे. रोपाची थंडी रोपाच्या उंचीवरच मोजावी लागते. आणि मोजावयास साधन नसेल, तर गवताचें छप्पर सूर्य मावळण्यापूर्वीं घालावें.