ओरगडमहून श्रीलंका : मार्ग दोन, निर्णायक ऋतू

चेन्नईच्या नैऋत्येस श्रीपेरुंबुदूरनजीक असलेल्या ओरगडम या वाहननिर्मिती केंद्राला सर्वांत जवळचा परदेश म्हणजे श्रीलंका. तेथे जाण्याचे दोन मार्ग आहेत : चेन्नईहून कोलंबो वा जाफन्याला विमानाने, किंवा नागपट्टिनमहून कांकेसंतुराईला प्रवासी नौकेने.

या सागरी प्रवासाला जुनी परंपरा आहे. एकेकाळी ‘बोट मेल’ने चेन्नईहून धनुष्कोडी व तेथून आगबोटीने तलाईमन्नार गाठता येई. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले. नागपट्टिनमची सेवा १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली. परंतु ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर ती काही दिवसांतच थांबली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ववत झाली.

म्हणूनच तारखा ठरवताना ऋतू प्रथम पाहावा. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात नौकेवर विसंबू नये. जानेवारी ते मार्च कोलंबो व गॉलसाठी, तर मे ते सप्टेंबर त्रिंकोमालीसाठी अनुकूल असतो. पारपत्राची वैधता किमान सहा महिने असावी. प्रवेश परवान्याचे नियम बदलत असल्याने तिकिटापूर्वी श्रीलंकेच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी. दोन्ही देशांची प्रमाणवेळ मात्र एकच आहे.