‘कीचकवध’ : पौराणिक खलनायक आणि वसाहतवादी सत्ता

महाभारतातील कीचक हा विराटाचा मेहुणा व सेनापती. सैरंध्रीच्या अभिलाषेपायी भीमाच्या हातून मरणारा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०७ मधील ‘कीचकवध’ नाटकात मात्र तो उन्मत्त राज्यकर्त्याच्या रूपात उभा राहिला. संहितेत लॉर्ड कर्झनचे नाव कोठेही नाही. तरीही कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर मवाळ व भीम जहाल, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या ग्रंथात हीच फोड केली, अर्थात रसग्रहण म्हणून नव्हे, आरोप म्हणून! त्याच वर्षी नाटकावर बंदी आली. खलनायकाचा शेवट पुराणानेच ठरविलेला व प्रेक्षकांना आधीच ठाऊक असल्याने, प्रयोग थांबविण्यापलीकडे सरकारच्या हाती फारसे काही उरले नव्हते.