धाराशिव जिल्ह्यातील रस्तेवाहतूक आणि वाहनमापकांतील त्रुटी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास हा बव्हंशी रस्त्यांचा इतिहास आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग येडशीवरून लातूरकडे जात असे; जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी मात्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉडगेज मार्ग येईपर्यंत रेल्वे नव्हती. साहजिकच येथील दळणवळण मोटारीवर विसंबून राहिले. मोटारीतील मापक चुकीचे आकडे का दाखवितात आणि त्या चुकीचा भार कोणावर पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मापनाचे तत्त्व :
इ. स. १९०२ मध्ये ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने चुंबकीय वेगमापकाचे पेटंट घेतले. चाकाच्या गतीने फिरणारे चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढते आणि स्प्रिंग त्या ओढीला विरोध करते; या समतोलावर काटा स्थिरावतो. म्हणजेच मापक प्रत्यक्ष वेग मोजीत नाही, चाकाच्या फेऱ्यांवरून तो ठरवितो. चुंबक क्षीण झाले, स्प्रिंग सैलावली किंवा टायर झिजला की आकडा ढळतो. पुढे केबलची जागा इलेक्ट्रॉनिक सेन्सरने घेतली. तरीही टायरचा आकार गृहीतच धरला जातो. इंधनमापकाचेही तसेच आहे. टाकीतील तरंगता गोळा केवळ इंधनाची पातळी सांगतो. तुळजापूर परिसरातील घाटचढणीवर गाडी कलली की इंधन तेवढेच राहूनही काटा हलतो.

मैल आणि किलोमीटर :
हा जिल्हा हैदराबाद संस्थानात असताना, १९३२ मध्ये, निजाम स्टेट रेल्वेच्या रस्तेवाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. त्या काळातील ब्रिटिश बनावटीच्या वाहनांच्या तबकडीवर मैल असत. १९५६ च्या वजने-मापे कायद्याने देशात दशमान पद्धती आली आणि रस्त्यावरील दगड क्रमाने किलोमीटरचे झाले. जुन्या तबकडीवरील ३० हा आकडा किलोमीटर समजून वाचल्यास प्रत्यक्ष वेग सुमारे ४८ किलोमीटर असे. येथे यंत्र अचूक होते. चूक वाचनाची होती.

कायदा आणि चुकीची दिशा :
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ ने वेगमापक आवश्यक ठरविला. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्र. ३९ नुसार वेगमापकाने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. मर्यादेत राहून अधिक दाखविल्यास चालते. चूक अटळ असेल तर ती सुरक्षिततेच्या बाजूने असावी, हा त्यामागील विवेक होय.

अंतरमापकाच्या नोंदीवरून जेव्हा चालकाचा इंधनखर्च ठरविला जातो, तेव्हा हा विवेक अधिक महत्त्वाचा ठरतो. टायरची त्रिज्या दोन टक्क्यांनी घटली, तर ३०० किलोमीटरचा प्रवास सुमारे ३०६ नोंदला जातो आणि चालक काटकसरी भासतो. नवा टायर बसविताच तोच चालक, तेच इंधन जाळूनही, उधळ्या ठरतो.

निष्कर्ष :
मापकाचा आकडा हा पुरावा आहे, निर्णय नव्हे. इतिहासाचा अभ्यासक ज्याप्रमाणे कागदपत्राची चिकित्सा करतो, त्याचप्रमाणे मापकाच्या नोंदीचीही चिकित्सा व्हावयास हवी. अंतरदगडांशी नोंद ताडून पाहिल्याखेरीज कोणाच्याही श्रमाचे मोल तिच्यावरून ठरविणे न्याय्य नाही.